तियू झेफेचा धंदा कसा बुडाला

दिली शहराच्या पूर्वेला, बेकोराच्या गल्लीत, "धंदा कसा चाललाय?" या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर आहे : "बुडाला." उत्तर देणाऱ्याचं पोट सुटलेलं असलं तरी चालतं, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी चालतं. कोपऱ्यावरच्या तिया जुस्ताच्या, म्हणजे जुस्तामावशीच्या, किराणा दुकानात दोन फ्रिज आहेत आणि दोन्ही रात्रंदिवस घुरघुरत असतात. पण तिला विचारा, "आठवड्यात दोन अंडी विकली, त्यातलं एक परत आलं," असं ती सांगते. ऐकणारा गंभीरपणे मान हलवतो आणि सुटे पैसे मोजून घेतो. याला कुणी खोटं बोलणं समजत नाही, ही रीत आहे.

"बरा चाललाय" म्हणणाऱ्याची मात्र गल्लीला काळजी वाटते. तसं म्हटलं की संध्याकाळपर्यंत डोंगरातून नातेवाईक उतरतात, हे तर झालंच. पण आणखी एक कारण आहे, ते कुणी बोलून दाखवत नाही. आठ वर्षांपूर्वी शहरात आपसांत भांडणं पेटली, तेव्हा ज्यांच्या घरावर नवे पत्रे चमकत होते, ती घरं आधी जळली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

या गल्लीत झेफेरिनो सोआरिस हा सुतार राहतो. वय त्रेपन्न, पाय थोडे फाकलेले, कानामागे पेन्सिल. ही पेन्सिल तो रविवारी चर्चमध्येही काढत नाही. लहानथोर सगळे त्याला तियू झेफे म्हणतात, म्हणजे झेफेकाका. देशाची आर्थिक स्थिती त्याला कुठल्याही मंत्र्याच्या आधी कळते, कारण ती त्याच्याकडे लाकडाच्या रूपात येते. त्याच्या उमेदीत हे शहर दोनदा जळलं. दोन्ही वेळा लोकांनी परत आल्यावर आधी मागितलं ते दार. भिंत नाही, छप्पर नाही, पण दार हवं. का, ते झेफेरिनोला अजून उमगलेलं नाही. त्याने आपली दारं करून दिली. पुढे खिडक्या आल्या, मग पलंग. आणि गेली दोन वर्षं लोक कपाटं मागत होते.

"कपाट घेणारा माणूस पळायचा विचार करत नसतो," असं तो आपल्या कारागिराला, मार्सियानोला सांगायचा. "पलंग उचलता येतो, खिडकी उचकटता येते. कपाट डोक्यावर घेऊन पळालेला माणूस पाहिलायस का तू?"

मार्सियानो "हो हो" म्हणायचा. वीस वर्षं गोल करवतीपाशी उभं राहून त्याचे कान गेले होते आणि तो सगळ्यालाच हो म्हणत असे.

दोन वर्षांत झेफेरिनोने एकतीस कपाटं विकली. म्हणजे देश सावरला होता, लोक टेकले होते, आणि धंदा जोरात होता. त्यामुळे तो सगळ्यांना सांगायचा, "बुडालो."

या बुडीत धंद्यातून त्याने एका यंत्रापुरते पैसे साठवले होते. सुराबायाहून जहाजाने येणारं विजेचं रंधा-यंत्र. एका बाजूने खडबडीत फळी घाला, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत बाहेर. त्याचा फोटो त्याने कारखान्याच्या भिंतीवर मारिया मातेच्या तसबिरीखाली चिकटवला होता आणि कामाला लागताना दोघींनाही नमस्कार करायचा. तीस वर्षं हातरंधा ओढून त्याचा उजवा खांदा रात्री ठणकायचा. सप्टेंबरच्या जहाजाने यंत्र येणार, हे ठरल्यात जमा होतं.

आणि ऑगस्टमध्ये मेहुणा उतरला.

मेहुण्याचं नाव आबीलियो; झेफेरिनो त्याला माऊन, म्हणजे दादा, म्हणायचा. एर्मेलिंदाचा, म्हणजे झेफेरिनोच्या बायकोचा थोरला भाऊ. ओस्सूच्या डोंगरात मका आणि म्हशी असलेला, अंगाने काटक, बोलायला कमी. तो आला तो खांद्यावर पानसुपारीची पिशवी अडकवून. पहिल्या दिवशी तो पावसाबद्दल बोलला. दुसऱ्या दिवशी मक्याला लागलेल्या किडीबद्दल. झेफेरिनो दिवस मोजू लागला, कारण डोंगरातला माणूस खऱ्या कामाचं तिसऱ्या दिवशी काढतो, आणि हे काम काय असणार ते त्याला ठाऊक होतं. इंडोनेशियाच्या सैन्याने जाळलेलं त्यांच्या कुळाचं पवित्र घर आता कुठे नव्याने उभं राहत होतं. ज्या ज्या घरात त्या कुळाच्या मुली दिल्या, त्या प्रत्येक घराने एकेक रेडा आणायचा, आणि तो कसाही नाही. शिंग माणसाच्या हाताला लावून मोजतात. मनगटापर्यंत आलं तर लोक खाली बघतात, कोपरापर्यंत आलं तर बोलतात. कोपरापर्यंतच्या शिंगाचा रेडा आणि सुराबायाचं यंत्र, दोघांची किंमत जवळपास सारखी होती. झेफेरिनोने ती रात्री दोनदा जुळवून पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबीलियोने कारखान्यात खुर्ची ओढली, पान लावलं, घसा साफ केला. झेफेरिनोने मनातल्या मनात यंत्राच्या फोटोचा निरोप घेतला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "तियू, वेळ आहे का थोडा?"

एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा. नाव एदविजेस. दर सहा महिन्यांनी धंदेवाल्यांची मतं विचारायचं एक काम निघालं होतं, त्यासाठी तिला नेमलं होतं.

झेफेरिनोला ती देवदूतच वाटली. मेहुण्याला जे तोंडावर सांगता येत नव्हतं, ते आता सरकारी प्रश्नाचं उत्तर म्हणून, त्याला शेजारी बसवून, सविस्तर सांगता येणार होतं.

"ये ये, माना, बस," तो म्हणाला. माना म्हणजे ताई. "काय विचारायचं ते विचार. लपवण्यासारखं काही राहिलेलंच नाही."

"गेल्या सहा महिन्यांत तुमचा धंदा वाढला, तेवढाच राहिला, की घटला?"

"घटला." त्याने उसासा टाकला. "घटायलाही काहीतरी असावं लागतं म्हणा."

मागे करवत किंचाळत होती. झेफेरिनोने पाठीमागे हात नेऊन मार्सियानोला थांबण्याची खूण केली. मार्सियानोला वाटलं, मालक घाई करतोय. त्याने पुढची फळी लावली.

"पण काम तर चाललंय," एदविजेस आवाज चढवून म्हणाली.

"ते काम नाही. करवतीला गंज चढू नये म्हणून अधूनमधून चालवतो आम्ही."

"आणि ती कपाटं?"

भिंतीला सात कपाटं टेकून उभी होती आणि प्रत्येकावर खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं होतं. झेफेरिनोने त्यांच्याकडे नवीनच बघत असल्यासारखं बघितलं.

"ती होय. ज्यांनी सांगून नेली नाहीत, त्यांची. नावं लिहून ठेवलीत, म्हणजे पुन्हा फसायला नको."

आबीलियो पान चघळत होता. त्याचा चेहरा ओस्सूच्या डोंगरासारखाच होता, त्यावर काही हलत नसे.

"पुढच्या सहा महिन्यांत काय वाटतं?"

"पुढचे सहा महिने मी बघेन का, तेच बघायचं."

"सगळ्यांत मोठी अडचण कोणती? वीज, रस्ते, कर, जमिनीचे कागद, कर्ज..."

झेफेरिनोची नजर क्षणभर मेहुण्याकडे गेली. कागदावर तो रकाना नव्हता. "सगळ्याच," तो म्हणाला.

"विमा आहे का धंद्याचा? आग, नुकसान?"

आता तो खरोखरच हसला. "दोनदा जळलो, माना. आम्हाला कोण विमा देणार?"

एदविजेसने सगळं लिहून घेतलं. कोवळी मुलगी होती, तिचे डोळे भरून आले होते. पण अक्कल शाबूत होती. जाता जाता म्हणाली, "तियू, या गल्लीतली सतरा दुकानं मी आज केली. सतराच्या सतरा बुडालीत. कोपऱ्यावरच्या तिया जुस्ताने मला हे सांगता सांगता दुसरा फ्रिज उघडून थंड पाणी दिलं."

ती गेल्यावर आबीलियोने मारिया मातेच्या खाली नजर टाकली. मग त्याने एकच विचारलं, "आणि तो फोटो?"

"फोटोच बघायचा आता, माऊन," झेफेरिनो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला कंप ऐकून त्याला स्वतःलाच वाईट वाटलं.

आबीलियोने मान हलवली, पानाची पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने निघून गेला. रेड्याचा विषय निघालाच नाही. त्या संध्याकाळी झेफेरिनोने ताडी मागवली. एर्मेलिंदा मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"माझा भाऊ तीन दिवस राहिला आणि काही न मागता गेला. तू त्याला काय सांगितलंस?"

"मी काहीच नाही. मी त्या पोरीशी बोलत होतो."

दहा दिवसांनी, भर बाजाराच्या वेळेला, ओस्सूची मालमोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवत उभी राहिली. टपावरून चार पोती मका उतरला, एक पोतं रताळी, केळीचे दोन घड, आणि पाय बांधलेलं एक डुक्कर, जे गल्लीतल्या प्रत्येकाला आपली कैफियत सांगत होतं. गाडीचा क्लीनर खणखणीत आवाजाचा होता आणि निरोप जसाच्या तसा पोचवणं हा त्याच्या इमानाचा भाग होता.

"झेफेरिनो सुताराचं घर कोणतं?" त्याने टपावरूनच हाळी दिली. "आबीलियोने सांगितलंय, बहीण आणि भाचरं उपाशी राहायला नकोत. आणि झेफेने रेड्याचा घोर लावून घेऊ नये. त्याचं नाव यादीतून काढून टाकलंय."

झेफेरिनो रंधा हातात घेऊन दारात उभा होता. डुक्कर त्याच्याकडे बघत होतं आणि गल्ली दोघांकडे.

आता गंमत बघा. "बुडालो, बुडालो" असं हा माणूस आठ वर्षं ओरडत होता, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. पण डोंगरातल्या मेहुण्याने शहरातल्या जावयाला मका पाठवला म्हटल्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. संध्याकाळी तिया जुस्ता एका कागदात अर्धा किलो साखर बांधून घेऊन आली. गेल्या वीस वर्षांत तिने कुणाला काडेपेटी फुकट दिली नव्हती. "असू दे रे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी असंच म्हणायचे, तुझं खरं होतं हे मला काय माहीत."

दुसऱ्या दिवशी शाळेचे आर्मिंदो मास्तर आले. आठ खिडक्या त्यांनी सांगितल्या होत्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले होते. मास्तर बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तियू, गैरसमज करून घेऊ नका. पण शाळेचे पैसे आहेत. तुम्ही सावरलात की पुन्हा देतो काम." सात कपाटांपैकी तीन गिऱ्हाइकं आठवड्यात येऊन आपापलं कपाट अर्धवट, बिनपॉलिशचंच उचलून घेऊन गेली, न जाणो कारखान्याला टाळं लागलं तर. शुक्रवारी मार्सियानो समोर येऊन उभा राहिला.

"मालक, मला दुसरं काम बघायला हवं का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"हो हो," मार्सियानो म्हणाला, आणि त्याचे डोळे ओले झाले.

करवत बंद पडली. आता मात्र एदविजेसच्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. झेफेरिनोने उरलेल्या चारांतल्या एका आडव्या कपाटावर बसून मेहुण्याचा मका खाल्ला, भोपळा आणि घेवडा घालून शिजवलेला, आणि तो चविष्ट होता हे त्याच्या मनाला अधिकच लागलं.

त्या रविवारी चर्चमधून आल्यावर एर्मेलिंदाने विषय काढला.

"त्या पवित्र घराच्या खांबाशी उभं राहून एकेका जावयाचं नाव पुकारतात. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं पुकारतील. तो पंक्चर काढतो, तरी पुकारतील. तुझ्या वेळेला पुकारणारा म्हातारा क्षणभर थांबेल आणि पुढच्याचं नाव घेईल. ते थांबणं मला सगळ्यांसमोर बसून ऐकायचंय."

"अगं पण मी गरीब आहे असं समजून..."

"तू गरीब असतास तर मी डोकं ताठ ठेवून बसले असते," ती म्हणाली. "तू चिक्कू आहेस, आणि ते फक्त मला माहीत आहे, म्हणून मान खाली घालावी लागणार."

रात्रभर झेफेरिनोचा खांदा ठणकला. पहाटे त्याने भिंतीवरचा फोटो काळजीपूर्वक सोडवला, घडी करून खिशात घातला, आणि यंत्राचे पैसे घेऊन, एर्मेलिंदाच्या आधीच, ओस्सूची गाडी पकडली.

वळणावळणाचा रस्ता होता. गाडीत कोंबड्या होत्या आणि ओकणारी माणसं होती, आणि झेफेरिनोला याच रस्त्याची मागची खेप आठवली. ती जाळपोळीच्या वर्षीची. त्याच्या एका हातात रंधा होता, दुसऱ्या हाताने धाकट्या मुलीला धरलेलं, मागे एर्मेलिंदा, म्हातारी आई, बाकीची पोरं, अशी नऊ माणसं. घर जळताना त्याने रंधाच का उचलला, ते त्यालाही माहीत नव्हतं. आबीलियोच्या दारात पोचले तेव्हा अंधार पडला होता. आबीलियोने काय झालं, कुणी जाळलं, किती दिवस राहणार, यातलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "जेवलात का?" सात महिने ते तिथे राहिले. त्या वर्षी आबीलियोने बियाण्याचा मकासुद्धा काढला होता, आणि पुढच्या पेरणीला तो कुठून बी आणणार, हे झेफेरिनोने कधी विचारलंही नव्हतं. आज आठ वर्षांनी, ओकणाऱ्या माणसांच्या गाडीत, त्याला त्याची लाज वाटली. चांगलीच लाज वाटली.

समारंभाच्या दिवशी नवीन घराचं छप्पर उन्हात पिवळं दिसत होतं. पुकारा सुरू झाला होता. पंक्चरवाल्याचं नाव होऊन गेलं होतं. म्हातारा पुकारकर्ता श्वास घ्यायला थांबला, आणि तेवढ्यात उतारावरून आरडाओरडा ऐकू आला. एक जंगी रेडा येत होता आणि त्याच्या दाव्याला धरून झेफेरिनो. कोण कुणाला आणत होतं, यावर अजूनही ओस्सूत दोन मतं आहेत. एक चप्पल चिखलात राहिली होती. कानामागची पेन्सिल मात्र जागेवर होती.

आबीलियो पुढे आला. त्याने शिंगाला आपला हात लावला. टोक कोपराच्याही चार बोटं वर गेलं.

"बुडालेल्या माणसाच्या मानाने शिंग लांब आहे," तो म्हणाला.

"माऊन, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"माहीत आहे. त्या पोरीशी तू बोलत होतास तेवढ्या वेळात तुझ्या माणसाने अकरा फळ्या कापल्या. मी शेतकरी आहे झेफे, बहिरा नाही."

"मग मका कशाला पाठवलास?"

"माझ्यासमोर खोटं बोलायची वेळ आली तुझ्यावर. म्हणजे काहीतरी अडचण असणारच. मका काय, खाल्लात ना?"

"आणि डुक्कर?"

आबीलियोने पानाची पिंक टाकली. "डुक्कर ओरडतं. मका ओरडत नाही. तुमच्या गल्लीला कळायला नको का?"

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. आवळा मात्र गळा काढून ओरडणारा होता. झेफेरिनोला राग यायला हवा होता. पण मागे म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात "झेफेरिनो सोआरिस, बेकोरा, एक रेडा" असं पुकारलं. बायकांच्या ओळीत एर्मेलिंदाने मान वर केली, आणि झेफेरिनोला नाक पुसावं लागलं.

बेकोरात बातमी त्याच्या आधी पोचली. ज्याने कोपराच्या वरचं शिंग दिलं, त्याचा कारखाना बुडालेला कसा असेल? आर्मिंदो मास्तर खिडक्यांचं काम घेऊन परत आले, आणि त्याच्या जोडीला वर्गातल्या दोन फळ्यांचंही. मार्सियानो पुन्हा करवतीपाशी उभा राहिला. तिया जुस्ताने अर्धा किलो साखरेचे पैसे मागून घेतले.

फेब्रुवारीत एदविजेस पुन्हा आली. तोच गठ्ठा, तेच प्रश्न.

"गेल्या सहा महिन्यांत धंदा वाढला, तेवढाच राहिला, की घटला?"

झेफेरिनोने तोंड उघडलं आणि जिभेवर सवयीने "बुडाला" आलं. तो थांबला. समोर तिया जुस्ता हातात खराटा घेऊन उभी होती. त्याने घसा साफ केला, तरी आवाज बारीकच निघाला.

"वाढला."

"काय म्हणालात?"

"वाढला," तो मोठ्याने म्हणाला. समोरचा खराटा थांबला. झेफेरिनो क्षणभर कान देऊन ऐकत राहिला, कशाची वाट बघत होता कोण जाणे. मागे मार्सियानोची करवत चालू होती. एक मोटारसायकल गेली. बाकी काही झालं नाही.

एदविजेसने रकान्यात खूण केली. "या काळात धंद्यात काही भांडवल घातलंत? यंत्र, हत्यारं?"

"एक रेडा."

"रेडा?" तिने भिंतीकडे पाहिलं. मारिया मातेच्या खाली फोटो पुन्हा चिकटवला होता, घडीची रेघ मधोमध आडवी गेलेली. "आणि ते यंत्र?"

"येईल. दोन वर्षांनी, नाहीतर तीन. खांदा अजून आहे."

तिने पान उलटलं. "विमा आहे का? मागच्या वेळी नाही म्हणाला होतात, मी तसंच पुढे..."

"आहे."

तिने मान वर केली. "कुठल्या कंपनीचा?"

"आबीलियो. ओस्सू."

"हप्ता किती?"

"रेडा. शिंग कोपराच्या वर."

एदविजेसला हसू आलं होतं, पण झेफेरिनो हसत नव्हता, म्हणून तीही गंभीर झाली. "आजवर कधी भरपाई मिळाली?"

"मिळाली," झेफेरिनो म्हणाला. "नऊ माणसं, सात महिने. बियाण्यासकट."

तिने रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिण्यासाठी आबीलियोचं पूर्ण नाव विचारून घेतलं.